कुलपाच्या आत कुणी नाही

सोमवार, ३ मार्च

भिंगरे,

हे पत्र नाही, तक्रार आहे. पत्र लिहायला आधी बोलणं चालू असावं लागतं. आपलं बोलणं तू मला "हट्टी म्हातारी" म्हणून जिना उतरलीस तेव्हाच संपलं. पण तू कुलपांच्या कंपनीत आहेस आणि मी तुमचं कुलूप फोडलंय. म्हणजे आता आपला धंद्याचा संबंध आला.

कागदावर लिहितेय, कारण तू पाठवलेल्या कॉम्प्युटरवर माझा भरवसा नाही. उघडला की आधी विचारतो, तुमचं लिखाण आम्ही वाचू का, सेवा सुधारण्यासाठी. माझं लिखाण सुधारायला चौथीच्या बाई होत्या, त्यांनीही हात टेकले. खाली बटण एकच, 'मान्य आहे'. मान्य नसल्याचं बटण मी सगळ्या पडद्यावर शोधलं. तुझी आत्या म्हणाली, "आई, ते नसतंच." मग विचारता कशाला? ज्याला एकच उत्तर आहे त्याला प्रश्न म्हणत नाहीत, दटावणी म्हणतात. मी काही बटण दाबलं नाही. कॉम्प्युटर टेबलावर झाकून ठेवलाय, त्यावर धुतलेले मोजे छान वाळतात.

तर तक्रार अशी. समोरच्या दारातले पाटीवाले काका तुला आठवत असतील. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि रंगाच्या वासाने छाती घालवून बसले. शनिवारी दुपारी ते कचरा टाकायला खाली गेले. वर आले तर दार उघडेना. तुमच्या कुलपाला चावी नाही, मोबाईल दाखवायचा. त्यांनी तो पुढून दाखवला, मागून दाखवला, शेवटी स्वतःचं तोंडही दाखवलं. कुलपावर आपली निळी अक्षरं, 'मंजुरीची प्रतीक्षा'. गल्लीतली इंटरनेटची लाईन गेली होती. तुमचं कुलूप तुमच्या मोठ्या कॉम्प्युटरला विचारल्याशिवाय हलत नाही, आणि लाईन गेल्यावर ते विचारणार कसं? नवऱ्याला विचारून सांगते म्हणणारी बाई तरी परवडली, नवरा निदान त्याच घरात असतो.

छातीच्या औषधाचा पंप आत, माणूस बाहेर.

मी खालच्या आपल्या इस्त्रीच्या दुकानातून वर येत होते. काका पायरीवर बसलेले, ओठ त्या कुलपाच्या अक्षरांच्या रंगाचे. काय झालं म्हणून विचारलं तर नुसतं दाराकडे बोट केलं. बोलायला श्वासच नव्हता. मी कंपनीचा नंबर लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. मी म्हटलं, बये, माणूस जातोय. ती म्हणाली, दार उघडत नसल्यास दोन दाबा. दोन दाबलं. ती म्हणाली, कृपया कुलूप बंद करून पुन्हा चालू करा.

माझं दार मात्र सताड उघडं होतं. मी ते जुन्या कोळशाच्या इस्त्रीने अडवून ठेवते. तुमच्या कुलपावर विसंबायला मी काही मंत्री नाही. तीच इस्त्री उचलली आणि घातली कुलपावर. तिला आता धग नसली तरी वजन आहे, माझ्यासारखंच. कुलूप खाली पडलं तेव्हाही त्यावर अक्षरं तीच होती, मंजुरीची प्रतीक्षा. मी मंजूर केलं.

काका वाचले. दवाखान्यातून परत आले. आल्या आल्या मोबाईलवर तुमच्या कंपनीचा निरोप, 'तुमचा अनुभव कसा होता? तारे द्या.' दुपारीच तारे दिसले होते म्हणावं.

आता माझं म्हणणं. कुलूप बिघडलं नव्हतं. त्याला शिकवलं होतं तसंच ते वागलं. लाईन गेली तर बंदच राहायचं, हे कुणीतरी ठरवलं असणार. कुलूप काही आपलं आपण ठरवत नाही. तो जो कोणी आहे त्याने आपल्या जिन्यात यावं, काकांसमोर उभं राहावं आणि म्हणावं, हे मी ठरवलं. बास. मला पैसे नकोत, तारे नकोत. एक माणूस पाठवा.

नाइलाजाने अजूनही तुझी,
आजी


बुधवार, १२ मार्च

भिंगरे,

तुझं उत्तर आलं नाही. कंपनीचं आलं. जाड, पांढरा कागद. असा कागद मी फक्त महागड्या शर्टांच्या कॉलरमध्ये पाहिलाय, आत घालून कॉलर ताठ ठेवतात ना, तसला. मजकूरही तसाच, ताठ आणि आत पोकळ.

लिहिलंय, 'कुलूप अपेक्षेप्रमाणे चालले.' अपेक्षा कुणाची ते नाही लिहिलं. 'ग्राहकाने ॲप अद्ययावत केले नव्हते.' म्हणजे काकांनीच स्वतःला बाहेर कोंडलं. चोराच्या उलट्या बोंबा. सोबत सहीसाठी दुसरा कागद. मी गैरसमजातून कुलूप फोडलं, कुलपात दोष नाही, माझं पुढे काही म्हणणं नाही. सही केली तर सगळं माफ. नाही केली तर घरमालकाने माझी खोली खाली करून घ्यायची, तसा त्याचा कंपनीशी करार आहे म्हणे.

घरमालक स्वतः आला होता. बसला नाही, दारातच घुटमळला.

"आजी, एप्रिल संपायच्या आत सही करा. नाहीतर खोली सोडावी लागेल. माझे हात बांधलेत हो."

"पाय मोकळे आहेत ना? मग निघा."

या खोलीत तुझे आजोबा गेले, तुझा बाप रांगला, तू त्या खिडकीच्या गजात डोकं अडकवून बसली होतीस आणि आम्ही तेल लावून काढलं होतं. खालचं दुकान आत्या चालवते, मी अजून दोन-चार गठ्ठे वर आणून करते. ही खोली गेली तर मी कुठे जाईन ते तुला माहीत आहे. तुझ्या त्या उंच घरात, जिथे मला न्यायला तू आली होतीस. लिफ्टलासुद्धा तोंड दाखवावं लागतं तिथे. नको गं बाई.

दुसरं सांगायचं म्हणजे पाटीवाल्यांनी सही केली. स्वतः येऊन सांगितलं, मान खाली घालून.

"वहिनी, मी केली सही."

"छाती कुणाची भरली होती, माझी की तुमची?"

"माझी. म्हणूनच केली. पुन्हा त्या पायरीवर बसायची ताकद नाही माझ्यात. नवीन कुलूप फुकट बसवून देतायत."

"तेच कुलूप?"

"रंग वेगळा आहे."

मला हसूच आलं. रागवायचं मनात होतं ते राहून गेलं. जाताना म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची नावं मोठ्या अक्षरांत रंगवली, वहिनी. आपलं म्हणणं मोठ्याने मांडायची सवयच नाही राहिली."

मग मी फीतवाल्याकडे गेले. आपल्या वॉर्डातून निवडून आलेला तो. त्याला नाव आहे, पण फिती कापण्यापलीकडे काम नाही, म्हणून गल्लीत सगळे फीतवालाच म्हणतात. कुलपं बसवली तेव्हा खालच्या दाराला फीत बांधून यानेच कापली होती, 'सुरक्षित वस्ती' म्हणून भाषण केलं होतं. आता म्हणतो, "आजी, कंपनी खाजगी आहे. आमचा काय संबंध?"

"मग कात्री कुणाची होती?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या विरुद्ध पक्षाचा आला, आपण होऊन, फोटो काढणारा बरोबर घेऊन. आम्ही निवडून आलो तर चौकशी लावू म्हणाला. मी विचारलं, तुमच्या ऑफिसच्या दाराला कुलूप कोणतं? त्याने फोटोवाल्याला थांबवलं.

लोक मला विचारतात, आजी, तुम्ही कुठल्या पक्षाच्या? अरे, मी दोन्ही पक्षांचे शर्ट इस्त्री केलेत. डाग सारखेच असतात. एक सांगतो, हा चहाचा आहे. दुसरा सांगतो, हा आधीच्याने पाडलाय. मी मत देते, प्रत्येक वेळी देते, पण ते डाग बघून देते, कडक घडी बघून नाही. घडी तर मीच पाडलेली असते.

सही केलेली नाही. कागद टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातलाय. जाड असल्यामुळे टेबल आता हलत नाही. कंपनीचा एवढा तरी आधार झाला.

आजी


सोमवार, २४ मार्च

भिंगरे,

मोबाईलवर तुझा निरोप मिळाला. इतक्या वर्षांनी नात बोलली आणि काय बोलली? 'आजी, सही कर. प्लीज. विषय वाढवू नकोस.'

मी वाढवत नाहीये. विषय आपला आपण वाढतोय, पावसाळ्यात बुटाला बुरशी यावी तसा. आता पुढचं ऐक.

गुरुवारी मी भाजी घेऊन आले. मधल्या वेळात आत्याने वर येऊन खोली झाडली आणि खाली जाताना शिस्तीने इस्त्री बाजूला करून दार लावून घेतलं. शिस्त अंगाशी येते ती अशी. मी माझ्या दारासमोर उभी, मोबाईल दाखवला. कुलूप म्हणालं, 'वापरकर्ता अस्तित्वात नाही.'

मी तिथेच पिशवी खाली ठेवली. म्हटलं, आजोबा गेल्याचा दाखला काढायला महिनाभर खेटे घातले होते, माझा बरा चालता बोलता निघाला. सही न करणाऱ्यांची नावं कंपनीने काढून टाकली. सही न करणारे म्हणजे मी एकटीच, त्यामुळे यादी करायला वेळ लागला नसणार.

यावेळी कुलूप फोडलं नाही. गल्लीच्या तोंडाशी सुतार बसतो त्याला आणलं, बिजागऱ्या सोडवल्या, दार उचलून बाजूला ठेवलं, आतून कुलूप उपटलं. नीट कागदात गुंडाळून कंपनीच्या पत्त्यावर पाठवलं. वर लिहिलं, 'वस्तू परत. ग्राहक अस्तित्वात नाही.' सुताराने दाराला साधी कडी लावली, आतून. बाहेरून काही नाही. मग माझं इस्त्रीचं टेबल मी दारातच ओढलं, अर्धं घरात, अर्धं जिन्यात. दिवसभर तिथे उभी राहून इस्त्री करते. घरमालक आला तर त्याला टेबलाच्या पलीकडून बोलावं लागतं. येणारे जाणारे थांबतात, शर्ट देतात, कंपनीला शिव्या देतात. धंदा वाढलाय.

तू म्हणतेस, प्लीज. तुला एक आठवण करून देते.

आपल्या दुकानात प्रत्येक गठ्ठ्याला ज्याने इस्त्री केली त्याचा दोरा बांधतात. माझा काळा, आत्याचा पिवळा. सुट्टीत तू हाताखाली यायला लागलीस तेव्हा हट्टाने हिरवा मागून घेतलास. एखाद्या गिऱ्हाइकाचा शर्ट जळला, बटण वितळलं, की भांडायच्या आधी दोरा बघायचा. ज्याचा दोरा त्याने पुढे यायचं. तू एका शिक्षकाची कॉलर जाळलीस आणि हिरवा काढून पिवळा बांधलास. मी एका नजरेत ओळखलं. आत्याने मारलेली गाठ दाताने सुटत नाही, आणि तुझी गाठ बघता बघता सुटते. तुला त्या शिक्षकांसमोर उभं केलं. तू रडलीस, नाक पुसलंस, पण म्हणालीस, "मी जाळली." पुढच्या आठवड्यात ते शिक्षक कपडे घेऊन आले आणि म्हणाले, हिरव्या दोऱ्याकडे द्या.

एवढी मोठी तुमची कंपनी. काचेची इमारत, जाड कागद. आणि एका कुलपावर कुणाचाच दोरा नाही? सगळं 'आम्ही'. आम्हाला खेद आहे, आम्ही मोल जाणतो, आम्ही सेवा सुधारतो. हा आम्ही राहतो कुठे? त्याच्या घरी म्हातारं माणूस आहे का?

तू आत आहेस. विचार जरा, कुणी ठरवलं ते. आणि मला प्लीज म्हणू नकोस, तुझ्या तोंडी ते उसन्या चपलेसारखं वाजतं.

आजी


शुक्रवार, ४ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. हाताने लिहिलेलं, अक्षर अजून मुंग्या चालल्यासारखं. आधी वाचलं, मग घडी घालून उशीखाली ठेवलं, आणि समोरचा सगळा गठ्ठा संपवला. सतरांदा पाणी मारूनही एका बाहीची घडी नीट पडेना. मग पुन्हा वाचलं.

म्हणजे ते तू ठरवलंस.

तू लिहितेस, टेबलाभोवती सगळे बसले होते. लाईन गेली तर कुलूप उघडं ठेवायचं की बंद, असा प्रश्न आला. सगळे चोरांचं बोलत होते. तू म्हणालीस, ओळख पटत नसेल तर बंदच बरं. आणि साहेबांनी मान डोलावली. पुढे तू लिहितेस, 'आजी, मी दुसरं काय म्हणणार होते? मी ज्या घरात वाढले तिथे हाच नियम होता. दार वाजवलं की तू आतून "कोण?" विचारायचीस. मी "मी" म्हटलं की तू म्हणायचीस, मी मी तर बकरीही करते. पूर्ण सांगितल्याशिवाय तू कधी कडी काढली नाहीस. भर पावसातसुद्धा नाही.'

बरोबर आहे. नाही काढली. आणि आजही काढणार नाही.

पण अगं शहाणे, तू दाराचा नियम शिकलीस आणि दारामागची बाई विसरलीस. मी 'कोण' विचारायचे ते आतून. कान दाराला लावून. तुझा आवाज घोगरा आला तर मला कळायचं, ही शाळेतून भिजून आलीय, हिला ताप चढतोय. तू धापा टाकत आलीस तर कळायचं, मागे कुत्रं लागलंय. एकदा तू काहीच न बोलता नुसती दाराला टेकलीस, तर मी न विचारता दार उघडलं होतं. ते नाही आठवत? गुडघा फुटला होता तुझा. दार बंद ठेवायचा हक्क ज्याला हवा, त्याने आत बसायला हवं. वाजलेलं ऐकायला हवं. तुमच्या कुलपाच्या आत कुणी नाही. पाटीवाले काका धापा टाकत होते आणि पलीकडे ऐकणारं एक कानाचं भोकही नव्हतं.

माझा नियम चोरलास तो चोरलास, अर्धाच चोरलास. अर्ध्या इस्त्रीचा शर्ट चुरगळलेल्या शर्टापेक्षा वाईट दिसतो.

आता पुढचं. तुला वाटलं असेल, नातीचं नाव निघालं की म्हातारी शेपूट घालेल. पत्राच्या शेवटी तसं तू लिहिलं नाहीस, पण दोन ओळी खोडल्यात. मी उजेडात धरून बघितलं नाही. खोडलेलं खोडलेलं असू दे.

मी प्रश्न मागे घेणार नाही. निवडणूक जवळ आली म्हणून फीतवाल्याला एकाएकी जाग आलीय. एकवीस तारखेला, सोमवारी, वॉर्ड ऑफिसात सुनावणी ठेवलीय. कंपनीची माणसं येणार, घरमालक येणार, गल्ली तर येणारच, फुकट तमाशा कोण सोडतो. मी तिथे तेच विचारणार, कुणी ठरवलं. तुझं नाव मी घेणार नाही. मला माहीत आहे असंही दाखवणार नाही. ते तुझं तुला घ्यायचंय. चाडी करून काढलेला दोरा मला नको, तू स्वतः पुढे ये.

पाटीवाल्या काकांना मी काही सांगितलेलं नाही. ते रोज विचारतात, "भिंगरीचं काही उत्तर आलं का, वहिनी? हुशार पोर. ती काढेल शोधून." मी म्हणते, हो, काढलंय तिने.

आजी


मंगळवार, १५ एप्रिल

भिंगरे,

तुझा मोबाईल बंद आहे. आत्या म्हणते, कामाचा होता, त्यांनी काढून घेतला असेल. म्हणून हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर. लिफ्टने तोंड पाहून वर सोडलं तर मिळेल.

काल कंपनीचा वकील आला होता. जिना चढून आला, एवढं मानलं मी. शर्टाला घरची इस्त्री, पाठीमागे चुरगळलेला. टेबलाच्या पलीकडे उभा राहिला, घाम पुसत.

"आजी, अभिनंदन. तुमचं सगळं मान्य झालंय."

"मान्य आहे हा शब्द माझ्यासमोर काढू नका. पुढे बोला."

"सगळ्या दारांना चावीचीही सोय करतोय. तुमची खोली तुमचीच राहील. आणि तुम्ही मागितली होती ती जबाबदार व्यक्ती आम्ही शोधून काढली. तिला कामावरून कमी केलंय. या कागदावर तसं लिहिलंय, खाली सही करा, की सुनावणीची गरजच नाही."

मी कागद घेतला. चष्मा लावला. नाव वाचलं. तुझं नाव मी पाळण्यात ठेवलं होतं, भिंगरे, ते असं छापलेलं वाचायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. वकिलानेही माझं नाव वाचलं, मग तुझं, मग पुन्हा माझं.

"आडनाव एकच दिसतंय," तो म्हणाला.

"नाकही एकच आहे. नात आहे माझी."

बिचारा गडबडला. म्हणाला, मला कल्पना नव्हती. मग वकिली सुचली त्याला. "मग तर आजी, मिटवलेलंच बरं, नाही का? सुनावणी झाली तर तिचं नाव चारचौघांत येईल. सही केली तर आमच्याकडूनही पुढे काही नाही."

"तिने ठरवलं तेव्हा टेबलाभोवती कोण कोण होतं?"

"ते आमचं अंतर्गत आहे."

"इस्त्रीवाल्याला अंतर्गत सांगू नका. लोकांची अंतर्वस्त्रंसुद्धा आमच्याकडे येतात. मान कुणी डोलावली? घरोघरी कुलपं बसवायची परवानगी कुणी दिली? मी फोन केला तेव्हा दोन दाबा म्हणणारं यंत्र कुणी बसवलं, माणूस न ठेवता? मी मेल्याचं कुलपाला कुणी सांगितलं? तेही पोरीनेच?"

तो पुन्हा घाम पुसायला लागला.

"मी माणूस मागितला होता. तुम्ही शेपूट तोडून दिलीत. पालही तेच करते, शेपूट वळवळत टाकते आणि भिंतीवरून पसार होते. जा, साहेबांना सांगा, म्हातारीला पाल हवीय."

कागद त्याच्या हातात परत दिला. जाताना मी त्याला थांबवलं आणि पाठीवरची चुणी तेवढी दाबून दिली. तो काही वाईट नाही, त्यालाही कुणीतरी पाठवलेलंच होतं.

आत्याने डोक्याला हात लावला. "आई, खोली वाचत होती! पोरीचंही झाकलं जात होतं! सगळं मिळत होतं आणि तू लाथाडलंस?" घरमालकाने खालूनच ओरडून सांगितलं, महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर. गल्लीतल्या अर्ध्या बायकाही म्हणतात, म्हातारीला भांडणाची खाज आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणे. जाऊ नये, पीळ गेला की सुंभाची राख होते.

आता तुझ्याशी. नीट वाच.

त्या शिक्षकांसमोर तू "मी जाळली" म्हणालीस, तेव्हा तुझ्या शेजारी कोण उभं होतं ते आठव. मी. कारण तापलेली इस्त्री तुझ्या हातात मी दिली होती. कॉलरचे पैसे दुकानाने भरले, तुझ्या खाऊतून नाही. आणि दुसऱ्या दिवशी तुला पुन्हा टेबलाशी उभं केलं. दोरा का बांधतात? जाळणाऱ्याला हाकलायला नाही. जाळणारा आणि दुकानदार, दोघांनी एका वेळी गिऱ्हाइकासमोर यावं म्हणून. तुझ्या कंपनीने तुझा दोरा दाखवला आणि दुकानाचं शटर ओढून घेतलं.

तू चुकलीस. ते मी कुणाहीसमोर म्हणेन, आणि तुझ्यासमोर तर दोनदा म्हणेन. माणूस मरता मरता वाचला. नोकरी गेली म्हणून ते धुतलं जात नाही. पण तू एकटी नाही चुकलीस, आणि एकटीने भरायचं नाहीस.

सोमवारी सुनावणी आहे. तू यायचंस. आधी काकांकडे तोंड करून तुझं म्हणायचं, माझा दोरा. मग त्या टेबलाभोवती कोण बसलं होतं ते एकेक करून सांगायचं. वकील 'अंतर्गत, अंतर्गत' करेल, करू दे. मी तुझ्या शेजारी उभी राहीन. खोली गेली तर गेली. टेबल, इस्त्री आणि मी, आम्ही तिघी कुठल्याही जिन्यात मावतो. पण मी भिऊन सही केली असं या भिंतींना कळलं तर मला इथे झोप लागणार नाही.

तुझी नोकरी गेली म्हणून रडत बसली असशील तर नाक पूस. दुकानात हिरव्या दोऱ्याचं रीळ आहे अजून. आत्याने फेकू दिलं नाही, मला विचारशील तर मी कधीच फेकलं असतं.

एक राहिलं. काल वकील बोलत असताना पाटीवाले काका आपल्या दारातून सगळं ऐकत उभे होते. तुझं नावही ऐकलं त्यांनी. तसेच मागे वळून आत गेले. मला वाटलं, संपलं, हा माणूस आता आपल्याशी बोलायचा नाही. आज सकाळी टेबल ओढायला उठले तर माझ्या दारावर पाटी. लाल अक्षरं, हातभर मोठी, काळी सावली दिलेली, दुकानाला असते तशी. 'आत माणूस आहे. दार वाजवा.' काका जिन्यात बसले होते, पंप तोंडाला लावून. रंगाच्या वासाने पुन्हा छाती भरली होती. मी चांगलं झापलं. ते म्हणाले, "भिंगरीला सांगा, वहिनी, मी सोमवारी येतोय. मी सही केली होती, तेही सांगणार आहे. आणि तिला म्हणावं, माझ्यासमोर उभं राहायला घाबरू नकोस, मीच उभा राहिलो की हलतो."

तर ये. रविवारीच ये, म्हणजे मला आधी एकांतात शिव्या घालता येतील. टेबल संध्याकाळी आत घेते आणि कडी लावते. रंग ओला नसेल, बिनधास्त वाजव. मी 'कोण?' विचारीन. 'मी' म्हणू नकोस. पूर्ण सांग, कुलपाचं काय केलंस त्यासकट. माझे गुडघे दुखतात, उठायला वेळ लागेल, तेवढं थांब. मी आत आहे.

आजी